कपाटामागची भिंत

रंगाऱ्याला वास येत नसे. वर्षानुवर्षं टर्पेंटाइन आणि तेलरंगात बुडालेल्या त्याच्या नाकाने एक दिवस मुकाट्याने काम थांबवलं, आणि ही गोष्ट जगात दोनच माणसांना ठाऊक होती, एक तो आणि दुसरी त्याची बायको. लेकीलासुद्धा त्यांनी पत्ता लागू दिला नव्हता. वास न येणारा रंगारी म्हटलं की गिऱ्हाईक बिचकतं, अशी त्याची समजूत होती. खरं म्हणजे कोणाचं काही अडलं नसतं, पण माणूस मानी होता, आणि मानी माणसाच्या बायकोला नवऱ्याच्या वाटणीची अर्धी कामं गुपचूप उरकावी लागतात. चारचौघांत बसलेले असताना स्वयंपाकघरात दूध करपायला लागलं, की ती त्याच्या गुडघ्याला हळूच बोट लावायची. मग तो तोंड वाकडं करून म्हणायचा, "दूध लागलं बघ, मला केव्हाचा वास येतोय." पाहुणे माना डोलवायचे.

भिंतीच्या बाबतीत मात्र त्याला नाकाची गरजच नव्हती. नुसता तळहात टेकवून तो सांगायचा, की आत पाणी आहे, की गिलावा कच्चा आहे, की आधीच्या रंगाऱ्याने भेगा बुजवताना हात आखडता घेतलाय. आणि जे असेल ते तोंडावर सांगायचा. भिंतीबद्दल तो जाणूनबुजून कधी खोटं बोलला नाही. त्यापायी त्याची कितीतरी कामं गेली, पण सांगताना तो हे असं सांगायचा की जणू कामं गेली नाहीत, मानपत्रंच मिळाली.

दोन वर्षांपूर्वी एका शाळेच्या दिवाणखान्याएवढ्या वर्गात छत रंगवताना तो शिडीवरून पडला. मांडीचं हाड मोडलं, डॉक्टरांना आत सळई बसवावी लागली. महिनाभर दवाखान्यात काढून तो कुबड्या घेऊन घरी आला तेव्हा बायकोने त्याच्याकडून वचन घेतलं, की आता शिडी बंद. त्याने कुरकुरत का होईना, दिलं. शिडी मधल्या बोळात दाराआड उभी राहिली. तिच्यावर धूळ बसू नये म्हणून तो दर रविवारी तिला फडक्याने पुसायचा, आणि पुसताना बायको मागे येऊन उभी राहायची. तिचा त्याच्यावर विश्वास होता, पण शिडीच्या बाबतीत नव्हता.

घरी आल्यावर त्याला आणखी एक बदल दिसला. मागच्या खोलीतलं जुनं लाकडी कपाट खिडकीजवळून हलून पलीकडच्या कोपऱ्यात गेलं होतं.

"हे कुणी हलवलं?"

"मी. तुम्हाला कुबड्या घेऊन फिरायला मोकळी जागा नको?"

"एकटीने?"

"आधी रिकामं केलं, मग पायांखाली ओलं फडकं सारलं. काही जड गेलं नाही."

त्याला भरून आलं. त्याने नुसतं कपाटाचं दार उघडून बंद केलं. त्याच खोलीत बायकोचं शिलाई यंत्र होतं. ती लोकांचे पडदे शिवून द्यायची. यंत्र आता कपाटाला लागून आलं होतं, पलंगाची तिची बाजूही तिकडेच. दिवसभर ती कपाटाशेजारी बसायची आणि झोपायचीही त्याच्याच शेजारी.

खोकला सुरू झाला तो त्यानंतर सातआठ महिन्यांनी. आधी नुसती घशात खवखव, मग सकाळी उठल्यावर ढास, मग जिने चढताना धाप. त्यांचं घर तिसऱ्या मजल्यावर. पूर्वी ती भाजीची पिशवी घेऊन तडातडा वर यायची, आता दर मजल्यावर कठड्याला धरून थांबायला लागली. छातीतून बारीक शीळ वाजायची. बोलताना वाक्य मध्येच तुटायचं. आणि ती बोलणारी बाई होती. लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती आणि त्यातली पस्तीस तरी ती बोलत होती. त्या बोलण्याला तो वैतागायचा, निदान तसं दाखवायचा. आता ते अर्ध्यावर तुटायला लागलं, तेव्हा त्याला जेवण जाईना.

तिच्यावर त्याचा फार जीव होता. हे सरळ सांगून टाकलेलं बरं, कारण त्याच्या तोंडून ते कधीच ऐकायला मिळालं नसतं.

त्याने खोकल्याचा पिच्छा पुरवायचं ठरवलं. आधी संशय पडद्यांच्या कापडावर आला. त्याने महिनाभर यंत्रावर चादर टाकून ठेवली. खोकला हलला नाही. मग पिसांच्या उशा गेल्या, लोकरीची घोंगडी गेली, डास मारायची अगरबत्ती गेली. शेजारणीचं मांजर खिडकीत येऊन बसायचं, त्याला त्याने इतकं धारेवर धरलं की शेजारणीने आठवडाभर तोंड फिरवलं. शेवटी त्याने स्वतःची विडी सोडली. तरुणपणी लागलेली विडी, सासऱ्याने सांगून सुटली नव्हती, डॉक्टरने सांगून सुटली नव्हती, ती त्याने एका सकाळी खिशातून काढून कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि कानाला खडा लावला. पुढचे पंधरा दिवस तो घरभर पिंजऱ्यातल्या वाघासारखा फिरत होता. बायको ते बघून स्वयंपाकघरात जाऊन रडली. तो समजला, खोकल्याच्या त्रासाने रडते.

छातीच्या डॉक्टरीणबाईंनी तिला तपासलं, पाठीला नळी लावून बराच वेळ ऐकलं, मग हातात प्लॅस्टिकची एक नळी दिली आणि जोरात फुंकायला सांगितलं. नळीवरचा काटा सरकून एकशे नव्वदवर थांबला.

"तुमच्या वयाला आणि उंचीला हा तीनशेच्या वर हवा," बाई म्हणाल्या. "श्वासनळ्या आकसल्यात. घरात कुठं ओल आहे? भिंतीला बुरशी वगैरे?"

"नाही," दोघं एकदमच म्हणाले.

तो पुढे झुकला. "बाई, चाळीस वर्षं रंगारी आहे मी. माझ्या घरात ओल शिरायला भिंतीलाच लाज वाटेल."

बायको पदराचं टोक बोटाला गुंडाळत खाली बघत राहिली. बाईंनी ओढायचा पंप लिहून दिला, सकाळ-संध्याकाळ दोन झुरके, आणि फुंकायची नळी घरी घेऊन जायला सांगितली. येताना तो वाटभर बोलत होता, की डॉक्टर लोकांना असं काहीतरी विचारावंच लागतं, पण माणूस बघून विचारावं. बायकोने एकदाही त्याला थांबवलं नाही. तेव्हा त्याच्या लक्षात यायला हवं होतं, पण स्वतःचं कौतुक करणाऱ्या माणसाच्या एरवीही फारसं काही लक्षात येत नाही.

पंपाने थोडा आराम पडायचा आणि पुन्हा ये रे माझ्या मागल्या. शेवटी लेक आली. लेकीचा स्वतःचा टेम्पो होता, माल पोचवायची कामं करायची, आणि टेम्पो चालवता चालवता तिचा स्वभावही तसाच झाला होता, एकदा निघाली की वाटेत थांबायची नाही. "आईला पंधरा दिवस माझ्याकडे नेते," तिने सांगितलं. "हवापालट होईल." आईची चार कपड्यांची पिशवी तिने उचलली, नाकाशी नेली आणि म्हणाली, "आई, कपड्यांना कसला कुबट वास येतोय गं? घरी गेल्यावर सगळे धुऊन टाकते."

"जुनं कपाट आहे," आई घाईघाईने म्हणाली. रंगाऱ्यानेही हुंगल्यासारखं करून "हो, जरा येतोय" असं म्हटलं. सवयीने.

पहिल्या आठवड्यात फोनवर तिचा आवाज मोकळा वाटला. दहाव्या दिवशी ती सलग पाच मिनिटं बोलली, लेकीच्या शेजाऱ्यांबद्दल, त्यांच्या कुत्र्याबद्दल आणि त्या कुत्र्याच्या नखऱ्यांबद्दल, आणि एकदाही खोकली नाही. नळीवरचा आकडा दोनशे नव्वद झाला होता. फोन ठेवल्यावर रंगारी खुर्चीत बसून एकटाच हसत राहिला. मग हसता हसता थांबला.

त्याने हिशेब मांडला तो असा. उशा काढल्या, खोकला राहिला. विडी सोडली, खोकला राहिला. लेकीकडे गेली, खोकला गेला. लेकीकडे काय नाही? लेकीकडे पंखा आहे, पलंग आहे, धूळही इथल्यापेक्षा जास्तच आहे. लेकीकडे एकच गोष्ट नाही, ती म्हणजे आपण. चाळीस वर्षांचा रंग आणि टर्पेंटाइन आपल्या कातडीत मुरलंय, कपड्यांत मुरलंय, श्वासात असेल. आपल्याला वास येत नाही म्हणून आपल्याला कळत नाही, आणि तिला येत असून ती बोलत नाही.

हे त्याला इतकं पटलं की तो उठून आंघोळीला गेला. अंगाला साबण लावून लावून कातडी लाल केली. बाहेर येऊन हाताचा वास घेतला. अर्थातच काही कळलं नाही.

दोन दिवस त्याने कसेबसे काढले. तिसऱ्या दिवशी सकाळी फोन केला. "ऐक," तो म्हणाला, "तू आता तिकडेच राहा."

"म्हणजे?"

"म्हणजे कायमची. मी येत जाईन भेटायला. बाहेर अंगणात बसू. तुझा खोकला माझ्यामुळे आहे. रंग भिनलाय माझ्या अंगात."

"तुम्हाला वेडबीड लागलंय का?" ती म्हणाली.

"तुझे कपडे भरून ठेवतो. पोरीला टेम्पो घेऊन पाठव." एवढं बोलून त्याने फोन ठेवून दिला.

लगेच कामाला लागला नसता तर त्याच्याने ते झालंच नसतं. त्याने मागच्या खोलीत जाऊन कपाट उघडलं आणि तिचे कपडे एकेक करून गाठोड्यात बांधले. थंडीतली शाल, लग्नाच्या आधीपासूनची कातरी, बटणांचा डबा. तळाच्या कप्प्यातली शाल पाठीमागच्या फळीला चिकटली होती. ओढली तेव्हा ती दमट लागली, आणि फळीवर हात फिरवला तर बोटांना काळं लागलं. त्याने बोटं एकमेकांवर घासून पाहिली. मग कपाटाच्या कडेला खांदा लावला. रिकामं कपाट कुरकुरत वीतभर सरकलं, मग हातभर.

भिंतीवर जुन्या कॅलेंडरची पानं चिकटवलेली होती, ओळीने, नीट, कडांना कडा जुळवून. पडदे शिवणाऱ्या बाईचं काम ते. पानं फुगली होती आणि त्यांच्या कडांमधून काळी-हिरवी लव उगवल्यासारखी बाहेर आली होती. त्याने एक पान ओढलं, ते ओल्या पोळीसारखं हातात आलं. मागे जमिनीपासून छातीएवढ्या उंचीपर्यंत भिंत काळी पडली होती. त्याने तळहात टेकवला. भिंत गार होती, आणि तळहात ओला झाला.

दोन वर्षांचं आहे, हात म्हणाला. हाताला खोटं बोलता येत नव्हतं.

तो जमिनीवरच बसला. आधी राग आला, इतका की कानशिलं तापली. पण हा राग कुणावर काढायचा तेच कळेना. ज्या भिंतीशी ती दिवसाचे सोळा तास बसत आणि झोपत होती, तिच्यापासून दोन हातांवर तोही रोज झोपत होता. डॉक्टरीणबाईंपुढे छाती काढून बोललेलं सगळं त्याला शब्दन् शब्द आठवलं.

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. भराभर, न थांबता. दुसऱ्या मजल्यावर थांबली नाहीत. दार ढकलून बायको आत आली, तिच्या मागे लेक, टेम्पोच्या किल्ल्या हातात. बायकोला धाप लागली होती, पण साधी, घाईने जिना चढलेल्या कुणालाही लागते तशी.

"आत येऊ नकोस," तो ओरडला. "तिथंच थांब, दारात."

ती दारात थांबली. सरकलेलं कपाट पाहिलं, उघडी भिंत पाहिली, आणि उंबऱ्यावर टेकली.

"मी सांगायलाच आले होते," ती म्हणाली. "तुमच्या अंगाला काही वास येत नाही हो."

लेकीने पदर ओढल्यासारखी ओढणी नाकाला लावली. "बाबा, केवढा वास येतोय इथं! तुम्ही या खोलीत झोपत होता?"

"त्यांना वास येत नाही," आई म्हणाली. "कसलाच. बारा वर्षं झाली." छत्तीस वर्षांच्या संसारातलं एक गुपित असं एका वाक्यात बाहेर पडलं, आणि आश्चर्य म्हणजे रंगाऱ्याला त्याचं काहीच वाटलं नाही.

"का लपवलंस?" त्याने विचारलं.

"तुम्ही दवाखान्यात होता. हाताएवढा डाग होता, या कोपऱ्यात. रोज वाढत होता. तुम्ही घरी येऊन तो पाहिला असता तर काय केलं असतंत?"

"काय केलं असतं?"

"शिडी काढली असतीत. अख्खी भिंत नव्याने रंगवल्याशिवाय राहिला नसतात."

"कुबड्या असताना?"

"कुबड्या असताना."

कुबडी एका हातात आणि ब्रश दुसऱ्या हातात, असा तो स्वतःला स्वच्छ दिसला.

"शाळेतून मला फोन आला होता ना त्या दिवशी," ती म्हणाली, "ते म्हणाले, रंगारी पडलेत, लवकर या. पडलेत म्हणजे काय, हे कुणी सांगेना. त्या रस्त्याने जाताना मी जे काय ते भोगलं. पुन्हा नको होतं मला ते. भिंत काय, काळी तर काळी."

"आणि तुझी छाती?"

"ती भिंतीमुळे आहे, असं मला कुठं ठाऊक होतं? बाईंनी विचारलं तेव्हा पहिल्यांदा मनात आलं. पण तुम्ही त्यांच्यासमोर इतकं ठामपणे बोललात, म्हटलं आता कसं सांगू. आणि त्याआधीच विडी सोडली होतीत तुम्ही. मला तोंड वर करून बघवेना."

रंगारी उठला, दारापर्यंत आला आणि तिच्याशेजारी उंबऱ्यावर बसला. एक माणूस नीट बसेल एवढाच तो उंबरा. लेक जिन्यात जाऊन उभी राहिली आणि किल्ल्यांशी चाळा करत बसली, कारण आईबापांना रडताना बघण्याची तिला सवय नव्हती.

पुढची व्यवस्था लेकीने लावली. भिंत खरवडून होईपर्यंत आई तिच्याकडे. आईने एकच अट घातली, की शिडी बरोबर येईल. "ती इथं असेपर्यंत मी हलत नाही." रंगाऱ्याने शपथा घेतल्या, त्यांचा काही उपयोग झाला नाही. शेवटी टेम्पोत मागे शिडी आडवी पडली, पुढे मायलेकी बसल्या आणि रंगारी खिडकीतून आपली शिडी जाताना बघत राहिला. बायकोने हात केला. शिडी परक्या घरी निघाल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता, असं लेक अजून सांगते.

नळवाल्याने भिंत फोडली तेव्हा वरच्या घराच्या न्हाणीघरातून भिंतीतून खाली उतरणारा पाइप आतल्या आत चिरलेला सापडला. थेंब थेंब पाणी दोन वर्षं भिंतीत जिरत होतं. पाइप बदलला, गवंड्याने नाकातोंडाला जाड मास्क बांधून गिलावा विटांपर्यंत खरवडला, कपाट फोडून बाहेर गेलं. डॉक्टरीणबाईंना रंगाऱ्याने स्वतः जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "बुरशीचे कण डोळ्यांना दिसत नाहीत," त्या म्हणाल्या, "श्वासाबरोबर आत जातात. सगळ्यांना बाधतात असं नाही, पण ज्यांना बाधतात त्यांच्या छातीला ते सुखाने बसू देत नाहीत. मी विचारलं होतं तुम्हाला." "विचारलं होतंत," तो म्हणाला. "पंप लगेच बंद करायचा नाही. आणि भिंत पूर्ण वाळल्याशिवाय रंग लावायचा नाही. हे मी रंगाऱ्याला सांगायला नको." तो मान खाली घालून बसला होता. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी त्याला भिंतीबद्दल शिकवत होतं आणि तो ऐकून घेत होता.

बायको परत आली, तिने पुढच्या खोलीत बस्तान हलवलं, आणि मागची भिंत उघडी राहिली. पाहुणे यायचे, आत डोकवायचे आणि म्हणायचे, "रंगाऱ्याच्या घरात अशी भिंत?" पूर्वी या एका वाक्याने त्याच्या अंगाचा तिळपापड झाला असता. आता तो म्हणायचा, "वाळतेय." रोज सकाळी तो भिंतीवर प्लॅस्टिकचा एक चौकोन चारही बाजूंनी चिकटवायचा, दुसऱ्या सकाळी काढायचा आणि आतून दव आलंय का बघायचा. मग बायकोपुढे फुंकायची नळी धरायचा आणि आलेला आकडा पेन्सिलीने विटेवर लिहायचा. दोनशे ऐंशी. दोनशे पंचाण्णव. एकदा सर्दी झाली तेव्हा दोनशे चाळीस, त्या दिवशी तो दुपारपर्यंत त्या विटेसमोरून हलला नाही. मग तीनशे पाच. तीनशे वीस.

चार महिन्यांनी एका सकाळी प्लॅस्टिक कोरडं निघालं. तरी त्याने आणखी तीन आठवडे जाऊ दिले. गवंड्याने नवा गिलावा केला, आकडे त्याखाली गेले, गिलावा वाळायला पुन्हा दीड महिना. शेवटी त्याने रंगाचा डबा उघडला. बायकोला विचारून घेतलेला रंग, फिकट पिवळा. हात पोचतो तिथपर्यंत त्याने जमिनीवर उभं राहून रंगवलं. अशी सपाट, एकसारखी भिंत त्याने बऱ्याच दिवसांत रंगवली नव्हती. वर छताखाली तीन हातांचा पट्टा राहिला.

"वरचं दुसऱ्या कुणाकडून करून घेऊ," तो म्हणाला.

"माझ्या भिंतीला दुसरं कुणी हात लावणार नाही," बायको म्हणाली. लेकीला सांगून तिने शिडी आणवलीच होती. ती शिडी उघडून तिने भिंतीला लावली, केस बांधले, आणि त्याच्या हातातला ब्रश काढून घेतला. "तुम्ही धरा खालून."

"अगं, पण तू—"

"मी तीन मजले चढते रोज. या चार पायऱ्या आहेत."

ती चढली. त्याने दोन्ही हातांनी शिडी धरली, आणि शाळेतून आलेल्या त्या फोननंतर रस्त्यात तिने काय भोगलं असेल, ते त्याला आत्ता कळलं. वर ती ब्रश मारत होती आणि बोलत होती. लेकीच्या शेजाऱ्यांचं कुत्रं, त्याला झालेली पिल्लं, शेजारणीच्या मांजराला आता परत बोलवायला हवं, पडद्यांचं एक मोठं काम येतंय, एका वाक्यातून दुसऱ्यात, मध्ये कुठं न तुटता, न अडता. तो श्वास ऐकत होता. शीळ नव्हती. रंगाचे थेंब त्याच्या टकलावर पडत होते. ब्रश कधी आडवा फिरत होता तर कधी उभा, आणि पट्ट्याभर अशा रेघा उमटत होत्या, की त्याच्या हाताखाली काम करणाऱ्या माणसाने तसं केलं असतं तर त्याने त्याला त्याच दिवशी घरी पाठवलं असतं.

"रेघा पडतायत का हो?" तिने वरून विचारलं.

भिंतीबद्दल तो आयुष्यात कधी जाणूनबुजून खोटं बोलला नव्हता.

"एकही नाही," तो म्हणाला, आणि शिडी घट्ट धरून उभा राहिला.